कोवळ्या वाईनची पारख आणि द्राक्षे पिकविणारा

शेतीच्या पत्रिकेत वाईनच्या चवीविषयी लिहिलेले काही वाचकांस रुचणार नाही, हे मी जाणून आहे. मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याचे धोरण संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाने राज्यापुढे ठेविले आहे. आपल्या विदर्भातच वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. त्या धोरणाविरुद्ध येथे एक अक्षरही लिहावयाचे नाही. वाईन प्यावी की न प्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु महाराष्ट्रात वाईनची द्राक्षे पिकवितो तो शेतकरी, त्याच्या घडाची किंमत अखेर ठरते ती पेल्यातील चवीवर, आणि ती चव त्या शेतकऱ्याच्या जिभेला बहुधा कधी लागलेलीच नसते. ही स्थिति मला मोठी विपरीत वाटते. शिवाय पारख करणारे लोक वाईन गिळीत नाहीत, तोंडात घोळवून थुंकून टाकतात. तेव्हा ज्यांना तिचा स्पर्शही नको असेल त्यांनीही पुढील मजकूर मालाची प्रत ओळखण्याची एक विद्या म्हणून वाचण्यास हरकत नाही.

आपल्या माल कोणत्या प्रतीचा हे स्वतःस न कळणे किती महाग पडते, ते वऱ्हाडातील कास्तकारास निराळे सांगावयास नको. 1972 साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खरेदी केंद्रावर ग्रेडरने चिमटीत कापूस धरावयाचा, धागा ओढून त्याची लांबी पाहावयाची, कवडी किती आणि ओल किती याचा अंदाज घ्यावयाचा आणि प्रत सांगावयाची. गाडी घेऊन आलेल्या माणसाने त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहावयाचे. ज्याच्या स्वतःच्या बोटांना धाग्याची लांबी कळत होती, तो निदान दोन शब्द बोलू शकत होता. ज्याला ती कळत नव्हती, त्याने जी प्रत मिळाली ती घेऊन घरचा रस्ता धरावयाचा. वाईनच्या द्राक्षांचा प्रकार याहून निराळा नाही. फरक इतकाच की तेथे बोटांच्या जागी जीभ आहे.

राज्य शासनाने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन उद्यानांची योजना आखली. कॅबरने सोव्हिन्यों, शिराझ, मर्लो, झिनफँडेल अशी कालपर्यंत कानावर न आलेली नावे दिंडोरी-निफाडच्या शिवारात रुळली. पुढे 2008 च्या मंदीनंतर मागणी घटली, टाक्यांत वाईन पडून राहिली, द्राक्षांचे पैसे थकले, आणि पुष्कळ बागाइतदारांनी त्या वेली उपटून टाकल्या किंवा त्यांच्यावर खाण्याच्या द्राक्षांची कलमे बांधली. त्या काळात ज्यांचा माल कारखान्यांनी घेतलाच नाही, त्यांतील कितींचा माल खरोखर हलका होता आणि कितींचा केवळ जास्त झाला म्हणून नाकारला गेला, हे त्या शेतकऱ्यांना कोणत्या मापाने कळावे? कारखान्याचा चव घेणारा सांगेल तेच प्रमाण. जानेवारी 2022 मध्ये सुपर मार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव पुष्कळ घेतले गेले. त्याच्या जिभेविषयी मात्र काही ऐकू आले नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. तांबडी वाईन नवी असताना कशी लागते, हे ज्याने प्रथमच अनुभवले त्याचे तोंड वाकडे होते. हिरड्या आवळून येतात, जीभ खरखरीत होते, आंबटपणा गालांत शिरतो. नवखा माणूस म्हणतो, हा माल बिघडला. वास्तविक हा तुरटपणा व आंबटपणा हेच तिचे हाडपेर होय. पांढऱ्या वाईनमध्ये केवळ रस आंबवितात. तांबडीत साली व बियांसह आंबवितात, आणि त्या साली-बियांतून रंग व टॅनिन उतरते. टॅनिन म्हणजे तेच द्रव्य जे हिरड्यात आहे, बाभळीच्या शेंगेत आहे, डाळिंबाच्या सालीत आहे. ते हवेतील प्राणवायूशी व रंगद्रव्याशी हळूहळू संयोग पावते, त्याचे रेणू एकमेकांस जोडून मोठे होतात, कालांतराने काही भाग तळाशी गाळ होऊन बसतो, आणि जी वाईन पहिल्या वर्षी तोंड धरीत होती ती पाचव्या वर्षी मऊ लागते. आपल्या घरांत लोणचे मुरते तसेच हे मुरणे आहे. वैशाखात घातलेल्या कैरीच्या लोणच्याची फोड आठव्या दिवशी चाखून कोणी त्याला नावे ठेवीत नाही. सुगरण त्या वेळी मीठ पुरेसे आहे की नाही, फोड कडक आहे की नाही, तेल वर आले की नाही, इतकेच पाहते. तिला ठाऊक असते की फोडच मऊ निघाली, तर वर्षभर बरणीत राहून ती कडक होणार नाही.

कोवळ्या वाईनची पारख याच रीतीने करावयाची असते. ती आज गोड लागते काय, हा प्रश्न गौण आहे; तिच्यात टिकण्याचे सामान आहे काय, हा खरा प्रश्न. हे सामान चार गोष्टींचे: आम्लता, तुरटपणा, फळाचा गर किंवा भरीवपणा, आणि मद्यार्काचे प्रमाण. यांपैकी एकच पुढे आली आणि बाकीच्या मागे राहिल्या, तर वाईन मुरत नाही, नुसती जुनी होते. नुसता तुरटपणा असलेली वाईन दहा वर्षे ठेविली तर तिच्यातील फळ निघून जाईल आणि सुपारीचा चोथा उरेल. उलट फळ भरपूर पण आम्लता नाही, अशी वाईन पहिल्या वर्षी सर्वांना आवडते आणि तिसऱ्या वर्षी पाण्यात भिजलेल्या मनुकांसारखी लागते. सोनाळा भागातील संत्र्याच्या बागाइतदाराला हे चटकन पटेल. ज्या फळात साखर आली पण आंबट उतरून गेले ते फळ मिळमिळीत लागते, आणि तेच फळ पेटीत लवकर मान टाकते.

तुरटपणाची पारख सर्वांत कठीण. येथे थोडे थांबणे अवश्य आहे. अंबाबरवाच्या रानात फिरणाऱ्या मुलाला कच्ची टेंभुर्णी आणि पिकलेली टेंभुर्णी यांतील भेद कोणी शिकवीत नाही. कच्चे फळ चावले की जीभ बधिर होते, तोंड चिकटून बसते आणि पाणी प्याले तरी ते जात नाही. पिकलेल्या फळातही तुरटाची छटा राहतेच. परंतु ती जिभेवर पसरते, गोडीबरोबर चालते आणि सावकाश विरते. कच्च्या व पिकलेल्या टॅनिनमध्ये हाच भेद आहे. कच्चे टॅनिन हिरड्यांच्या पुढच्या भागावर खरवडल्यासारखे बसते आणि त्याच्यासोबत हिरव्या देठाचा कडवटपणा येतो. पक्व टॅनिन भरपूर असले तरी चांगल्या कोऱ्या चहासारखे साऱ्या तोंडात सारखे पसरते. पक्व टॅनिन कालांतराने मऊ होईल. कच्च्याचा हिरवा कडूपणा बाटलीत कितीही वर्षे ठेविला तरी जाणार नाही. नवशिक्यांची फसगत येथेच होते. वाईन जितकी अधिक तुरट तितकी अधिक दिवस टिकाऊ, असे काही लोक बिनदिक्कत सांगतात. ते खरे नाही.

प्रत्यक्ष रीत अशी आहे. पेला तोंडाशी निमुळता व पायाचा असावा. त्यात एक तृतीयांशाहून अधिक वाईन ओतू नये. तांबडी वाईन 16 ते 18 अंश सेल्सिअसवर पाहावी. 'खोलीच्या तापमानास प्यावी' हे पुस्तकी वाक्य युरोपातल्या दगडी घरांसाठी आहे. आपल्याकडे वैशाखात पारा 42 च्या वर असताना त्या वाक्यावर विसंबल्यास नाकात मद्यार्काच्या झळेखेरीज काही शिरणार नाही. प्रथम पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग पाहावा. नव्या तांबड्या वाईनची कड जांभळट असते. वय वाढते तशी ती विटेच्या रंगाकडे जाते. सहा महिन्यांच्या वाईनची कड तपकिरी दिसली, तर तिला हवा लागली किंवा उष्णता बाधली असे समजावे. मग पेला न हलविता एकदा आणि गोल फिरवून एकदा, असा दोनदा वास घ्यावा. सिरक्याचा किंवा नखे रंगविण्याच्या द्रवाचा उग्र वास आला, तर आंबविताना जंतूंनी घात केला. त्यावर उपाय नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास बुचाच्या दोषाचा असतो. कुजक्या अंड्याचा वास मात्र नव्या वाईनमध्ये कधी कधी येतो आणि हवा देऊन काढता येतो, म्हणून तेवढ्यावरून माल टाकून देऊ नये.

यानंतर छोटा घोट घेऊन तो दहा-पंधरा सेकंद तोंडभर फिरवावा, ओठांतून थोडी हवा आत ओढावी आणि थुंकून टाकावा. लाळ किती सुटते त्यावरून आम्लता कळते. हिरड्या किती व कशा आवळतात त्यावरून टॅनिन कळते. जिभेच्या मध्यावर पोकळी वाटते की भरीवपणा वाटतो, त्यावरून फळ कळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थुंकल्यावर चव किती वेळ राहते आणि शेवटी काय उरते ते पाहावे. शेवटी फळ उरले तर उत्तम. नुसता कडवटपणा किंवा ओकच्या पिंपाचा धुरकट वास उरला, तर पिंपाने झाकलेले दारिद्र्य समजावे. माझ्या मते आपल्याकडे या पिंपाला फार भाव दिला जातो. नव्या ओकमुळे व्हॅनिलाचा व मसाल्याचा सुवास येतो हे खरे, परंतु मुळात जे द्राक्षात नव्हते ते लाकूड आणून देऊ शकत नाही.

याशिवाय एक साधी कसोटी आहे, तिला यंत्र लागत नाही. बाटली उघडून चव घ्यावी, टिपण करावे, अर्धी बाटली बूच लावून थंड जागी ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी, जमल्यास तिसऱ्याही दिवशी, पुन्हा चव घ्यावी. हवेच्या एक-दोन दिवसांच्या माऱ्यात जी वाईन अधिक खुलते, तिच्यात मुरण्याची ताकद आहे असा अंदाज बांधता येतो. जी सकाळपर्यंत बसून जाते ती लवकर विकून टाकावी. हा अंदाजच आहे, ज्योतिष नव्हे. तथापि सर्व वाईन मुरण्यासाठी नसते, हेही ध्यानात धरावे. बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत संपविण्याजोगीच असते आणि त्यात तिला कमीपणा नाही. हुरडा कोणी वर्षभर ठेवीत नाही.

जाणकारांची जीभही चुकते, याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. 24 मे 1976 रोजी पॅरिस येथे स्टीव्हन स्पर्रिअर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रान्स व कॅलिफोर्निया येथील वाईनची नावे झाकून परीक्षा ठेविली. परीक्षक नामांकित फ्रेंच होते. तांबड्यांत कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सची 1973 सालची कॅबरने सोव्हिन्यों पहिली आली. त्यावर असा आक्षेप घेण्यात आला की कॅलिफोर्नियाची वाईन तरुणपणी मोहक लागते, बोर्दोची मात्र वयाबरोबर चढते. तीस वर्षांनी, 2006 साली, त्याच तांबड्या वाईनची पुन्हा परीक्षा झाली. या वेळी कॅलिफोर्नियाच्याच रिज माँटे बेल्लो या बागेची 1971 सालची वाईन पहिली आली, आणि पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाने घेतल्या. 1976 मध्ये हीच रिज पाचवी होती. यावरून पारख व्यर्थ आहे असे ठरत नाही. बोर्दोत आजही सुगीनंतरच्या वसंत ऋतूत, वाईन पिंपात असतानाच, व्यापारी ती चाखून भाव ठरवितात व माल सुमारे दोन वर्षांनी घेतात. मात्र बागेचे नाव ऐकून जीभ वाकते, हे त्या परीक्षेने दाखवून दिले. नावे झाकूनच चव घ्यावी, हा नियम त्यातून घ्यावयाचा.

आता हे सारे बागेत कोठून येते ते पाहू, कारण आपला संबंध तेथे आहे. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. फळ जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीस येते. त्या दिवसांत ऊन वाढत जाते. साखर भराभर चढते आणि आम्लता तितक्याच वेगाने उतरते. साली व बिया मात्र आपल्या गतीने पिकतात. पुष्कळ ठिकाणी खरेदी ब्रिक्सवर व वजनावर होते. रिफ्रॅक्टोमीटरने 23-24 दाखविले की तोडणी. बी हिरवे आहे की तपकिरी, हे पाहण्याची तोडणाऱ्यास निकड नाही आणि घेणाऱ्यास सवड नाही. मग वाईन कच्ची तुरट उतरली की दोष जमिनीला, हवामानाला, भारताला! माझ्या मते यातील मोठा वाटा मोजमापाच्या पद्धतीचा आहे. ज्या गुणाला पैसे मिळत नाहीत तो गुण शेतकरी का पिकवील?

सामूचेही तसेच. तांबड्या वाईनचा सामू 3.4 ते 3.7 च्या दरम्यान असणे बरे. तो 3.8 वर गेला म्हणजे रंग मळकट होतो, जंतूंना मोकळे रान मिळते आणि रक्षणासाठी घातलेल्या गंधक वायूचा प्रभाव घटतो: सामू 3.4 असताना जेवढा पुरतो, त्याच्या सुमारे अडीच पट 3.8 ला लागतो. जिभेला अशी वाईन सपाट, काहीशी साबणासारखी लागते. सामू वाढण्याच्या कारणांत पोटॅशचे अधिक शोषण हे एक आहे. आपल्या राज्यात क्षार व दुष्काळ सोसणारा म्हणून डॉगरिज हा खुंट पुष्कळ लावला गेला. खाण्याच्या द्राक्षाला तो मानवला. परंतु तो अतिशय जोमदार असून पोटॅश अधिक ओढतो, आणि वाईनच्या जातींस ही गोष्ट हिताची नाही. पुण्याजवळ मांजरी येथे 1997 पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. वाईनच्या जाती व खुंट यांविषयी तेथील सल्ला घेतल्यावाचून एक काडीही लावू नये.

संग्रामपूर तालुक्यातील वाचक विचारतील की येथे हे कशासाठी. दोन कारणे आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातील आपला खारपाणपट्टा सर्वांस ठाऊक आहे; भूगर्भातील पाणी खारट आणि काळी जमीन निचऱ्याला जड. अशा जमिनीत वाईनचे द्राक्ष लावा असे सांगणारा कोणी आला, तर तो क्षार सोसणारा खुंट सुचवील. आणि त्या खुंटाने वाईनची चव कोठे जाते हे वर सांगितले. म्हणून माझे स्पष्ट मत असे की या पट्ट्यात वाईनच्या द्राक्षाच्या मागे लागू नये. तारा, खांब, ठिबक यांचा खर्च आधी होतो, वेल उत्पन्नावर दोन-तीन वर्षांनी येते आणि खरेदीदार शेकडो मैलांवर. सातपुड्याच्या पायथ्याशी निचऱ्याची जमीन व गोडे पाणी असलेल्या एखाद्याने करावयाचेच म्हटले, तर प्रथम लेखी करार, मग खड्डे.

दुसरे कारण अधिक व्यापक आहे. संत्र्याचा रस असो, तुरीची डाळ असो की उद्या निघणारा कोणताही प्रक्रिया उद्योग असो, कारखाना आपला माल ज्या मापाने मोजतो ते माप गावात असले पाहिजे. नाशिक-सोलापूरकडील द्राक्ष बागाइतदारांसाठी माझी सूचना अशी आहे. करारात ब्रिक्ससोबत सामू व आम्लता यांचे आकडे लिहून घ्यावेत आणि बी तपकिरी होईपर्यंत थांबणाऱ्यास अधिक दर मिळावा. तोडणीपूर्वी दहा दिवस रोज सकाळी बागेच्या निरनिराळ्या ओळींतून मणी तोडून खावेत: गर वेगळा चाखावा, साल चघळावी, बी दातांनी फोडावे. हिरवे बी कडू व लिबलिबीत लागते, पिकलेले कडकन फुटते आणि भाजलेल्या दाण्याची आठवण देते. यासाठी वाईनचा थेंबही लागत नाही. ज्यांची हरकत नसेल अशा बागाइतदारांना कारखान्याने जूनमध्ये, टाकीतील वाईन निवळल्यावर, बोलावून त्यांच्याच द्राक्षाची वाईन इतर चार बागांच्या वाईनसोबत नावे झाकून चाखू द्यावी. कृषि सहायकाने हजर राहून प्रत्येकाचे टिपण वहीत उतरवून घ्यावे: तोडणीची तारीख, ब्रिक्स, सामू, खुंट, बियांचा रंग, आणि त्यापुढे तुरट, आंबट, भरीव, शेवटी काय उरले. पुढच्या वर्षी तोडणीचा दिवस ठरविताना ती वही बांधावर न्यावी.